दोन इंजिनांचा एक आवाज

भिवातात्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य होतं, "ओ बाई, ती ट्रंक घिऊन डावीकडं सरा. लाँच कलतीय तुमच्यानं."

मी तेव्हा विशी-बाविशीतली, नवी कोरी नर्स. संगमनेरहून निघून राजूरला गाडी बदलली, भंडारदऱ्याच्या धरणाशी उतरले. तोंडात धूळ, पोटात फक्त सकाळचा चहा, आणि हा खाकी शर्टातला बुटका माणूस चारचौघांत माझं वजन काढतोय! कोण हा टिकोजीराव? मी म्हटलं, "माझ्यानं कलत असेल तर लाँचच बदला." लाँचमधली माणसं फिसकन हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं, मग पलीकडं बसलेल्या एका जाडजूड ठेकेदाराकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं मग, ठेकेदार, तुमी मधी या. बाई रुसल्यात." ठेकेदार निमूट मध्ये येऊन बसला. तेव्हा कुठं लाँच सुटली.

सत्तर सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. माझं उपकेंद्र पाण्याच्या पल्याड, कातळवाडीला. पावसाळ्यात ओढे आले की पल्याडच्या वाड्यांची वाट तुटायची, आणि उन्हाळ्यातसुद्धा पाण्याला वळसा घालून चालत यायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. बाजार, पोस्ट, दवाखाना, शाळामास्तरांचा पगार, सगळं लाँचनं. लाँच होती पाटबंधारे खात्याची, कुठल्याशा परदेशी मदतीत आलेली. धरणाच्या पाहणीसाठी म्हणून आणली होती, पण माणसं न्यायला-आणायला लागली ती लागलीच. वरचे साहेब अधूनमधून म्हणायचे, दुसऱ्या एका धरणावर ही लाँच मागताहेत, इथं चालवणारा नसेल तर सांगा, उद्या उचलतो. असं म्हटलं की वाडीतल्या माणसांचे चेहरे उतरायचे आणि तात्यांची मान ताठ व्हायची. "मी हाय तवर कोन नेतंय?" असं ते साहेबांच्या तोंडावर म्हणायचे.

त्या लाँचला मागं दोन इंजिनं होती, शेजारी शेजारी. इंजिनं लाँचच्या पोटात, पण त्यांचे पाय मागच्या फळीतून बाहेर येऊन पाण्यात उतरलेले. हो, तात्या त्यांना पायच म्हणायचे. प्रत्येक पायाला खाली एक पंखा. चाक फिरवलं की दोन्ही पाय मिळून वळायचे, कारण दोघांना एका आडव्या दांड्यानं जखडलेलं होतं. हा दांडा किती लांब ठेवायचा, यावर लाँचचं सगळं चालणं. जरा चुकला की पाय एकतर फाकायचे नाहीतर एकमेकांवर आपटल्यासारखे आत वळायचे. मग लाँच थरथरायची, तेल ढसाढसा प्यायची आणि पळायची मात्र कमी. हे मला कसं माहीत म्हणता? अहो, तात्यांच्या लाँचमधून कोंबड्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या म्हातारीलाही हे पाठ होतं. तात्या दुसरं काही बोलायचेच नाहीत.

ते मूळचे नेवाशाकडचे, याच प्रवरेच्या खालच्या काठचे, शेतकऱ्याच्या घरातले. वाटणीत विहीर आणि बैलजोडी थोरल्या भावाकडं गेली, यांच्या वाट्याला माळाचं वावर आलं. तात्या रागानं पलटणीत गेले, तिथं मोटारबोटीवर शिकले, आणि तिथून सुटल्यावर थेट या धरणावर. भावाशी बोलणं नाही. बायको लवकर गेली, लेकरू नाही. संध्याकाळी पाण्याच्या कडेला दगडावर बसून ते म्हणायचे, "हेच पानी माझ्या गावाला जातंय. हितं मी त्याच्या राखणीला बसलोय, आन तिथं भाऊ त्यावर ऊस लावतोय. येक पोस्टकार्ड धाडत न्हाई, लेकाचा." आणि मग आपणच हसायचे.

वाटणीत गेलेल्या बैलांची नावं चित्र्या आणि खैऱ्या. तात्यांनी तीच इंजिनांना ठेवलेली. उजवं चित्र्या, डावं खैऱ्या. "आज खैऱ्या जड चालतोय," असं ते म्हणाले की नवख्या माणसाला वाटायचं, लाँचमध्ये बैल चढवलाय की काय. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात ना, खांदेमळणी? त्या दिवशी तात्या लाँच उतरणीवर ओढून घ्यायचे आणि तिच्या मागं मांडी घालून बसायचे. हातात बांबूची एक काठी, तिच्यावर सुरीनं पाडलेल्या खुणा. दोन्ही पाय सरळ ठेवून त्यांच्यामधलं अंतर पुढून मापायचं, मग मागून मापायचं. दांड्याचा नट अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा मापायचं. दोरी ताणून बघायचं, दोन्ही पाय सारखेच खोल आहेत का. येता-जाता कुणी "झालं का तात्या?" म्हटलं की खेकसायचे, "तू जा की बाबा आपल्या वाटनं!" मग सांध्यांना वंगण, आणि वंगणावर हळदीचं बोट. पोळ्याला दोन्ही पायांना हिंगूळ, बेगड, झेंडूची माळ, पुरणपोळीचा नैवेद्य. त्या दिवशी लाँच बंद म्हणजे बंद. पोळ्याला कुणी बैल जुंपतं का?

दुसऱ्या दिवशी परीक्षा. रतनगडाच्या माथ्यावर आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. धरणाच्या भिंतीकडून लाँच सोडायची, नाक नेढ्यावर धरायचं, दोन्ही लिव्हर पुढं करायचे आणि चाकावरचे हात काढून घ्यायचे. तात्या चक्क दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे राहायचे. लाँचचं नाक नेढ्यावरून ढळलं नाही, तर पाय जुळले. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग ते आवाज जुळवायचे. दोन इंजिनं जरा मागंपुढं फिरत असली की आवाज वांव-वांव करत फुगतो आणि ओसरतो. लिव्हर केसभर सरकवत गेलं की ते फुगणं लांबत जातं, लांबत जातं, आणि एका क्षणी दोन इंजिनांचा मिळून एकच आवाज होतो, सपाट, घट्ट. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या. त्या गडगडाटात बोलणं कुठलं ऐकू येणार? म्हणून तात्या खलाशाला बोटांनी सांगायचे. दोन बोटं म्हणजे दोन आवाज येताहेत, अजून भांडण आहे. एक बोट म्हणजे जमलं.

खलाशी म्हणजे लखू. कातळवाडीचाच, चाळिशीला आलेला, दोन लेकींचा बाप. बिचारा जन्मात कधी मोठ्यानं बोलला नसेल. दोर टाकणं, दोर ओढणं, पाणी उपसणं हे त्याचं काम. चाकाला हात लावायची त्याला बंदी होती. एकदा तात्यांना फणफणून ताप होता, मी म्हटलं, आज लखूला चालवू द्या. तर म्हणाले, "परक्याच्या हातात कासरा देत असत्यात व्हय, बाई?" आणि तापातच उभे राहिले. आडमुठेपणा कुठला! मी त्यांना गोळ्या दिल्या त्या फेकून मारल्यासारख्याच दिल्या.

इंजिनांचे फेरे दाखवणारी दोन घड्याळं समोर होती. त्यातलं डावं बंद पडलं, तरी ते दुरुस्त करून घेतलं नाही. उलट त्याच्यावर टोपी अडकवून ठेवली. "काटा खोटं बोलंल, कान न्हाई बोलायचा," हे त्यांचं आवडतं वाक्य. अकोले तालुक्यातली थंडी, पाण्यावरचा वारा, सगळी माणसं कानांवरून टापशी गुंडाळून बसलेली, आणि तात्यांचे कान मात्र उघडे, लालबुंद. मी मफलर विणून दिला, तो त्यांनी गळ्याला बांधला, कानाला नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. लाँचमध्ये माणसं नेहमी उजव्या बाकावर गर्दी करायची. डावं बाक रिकामं, उजव्यावर मांडीला मांडी. तात्यांचा त्यावरून रोज तमाशा. "आरं, तिकडं काय गूळ वाटत्यात का? सरा की डावीकडं! पाय कितीबी जुळवा, तुमी आसं बसल्यावर चालंल का ती सरळ?" माणसं जराशी सरकायची आणि पाच मिनिटांत पुन्हा उजवीकडं. मला वाटायचं, अडाण्यांचा बाजार आहे झालं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आमच्याकडं पाऊस पडतो तरी, पण खालच्या मुलखासाठी पाणी सोडत सोडत धरण पार तळाला गेलं. कधी न दिसलेले खडक वर आले, बुडालेल्या झाडांची खोडं वर आली, जुन्या शेतांचे बांध दिसायला लागले. लाँचला जायला मधून एक चिंचोळी वाट उरली. ती वाट सरळ कापायची, जरा इकडंतिकडं झालं की खोड. आणि नेमकी त्याच वर्षी लाँच बिघडली. डावीकडं ओढायला लागली.

तात्यांनी पायांवर घेतलं. दोन-चार दिवसांआड लाँच उतरणीवर, काठी, दोरी, नट. डावीकडं ओढते म्हणून पाय उजव्या अंगाला वळवून बांधले. दोन दिवस बरी चालली, पुन्हा ओढायला लागली. पुन्हा वळवले. त्यांनी हाताशी धरलेलं माप पार बिघडलं, काठीवरच्या खुणांना अर्थ राहिला नाही. लाँच खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. तेल जास्त जायला लागलं, साहेबांनी कारण विचारलं. तात्यांचं जेवण तुटलं. दाढी वाढली. एकदा मी गेले तर उतरणीवर एकटेच बसलेले, दोन्ही हात त्या लोखंडी पायांवर ठेवून. मला म्हणाले, "ताई, माझं कुठं चुकतंय ते मला कळंना झालंय. आसं कधी झालं न्हवतं." मला ताई म्हणण्याची ती त्यांची पहिली वेळ. त्यांच्या आवाजातली भीती ऐकून मी काहीतरी थातुरमातुर बोलले आणि निघाले.

राजूरच्या बाजाराचा दिवस होता. परतीची खेप, ऊन कललेलं, लाँच भरलेली. त्या दिवशी तात्या आधीच पेटलेले. माणसं सवयीनं उजवीकडं बसल्याबरोबर त्यांनी चाक सोडलं, मागं वळले आणि असे काही बरसले की बायाबापड्या घाबरून उठल्या आणि दोन्ही बाकांवर सारख्या वाटून बसल्या. मीही डावीकडं बसले. लाँच सुटली. चिंचोळ्या वाटेत शिरली. आणि कुणाला काही कळायच्या आत ती उजवीकडं अशी वळली, जसं कुणी कान धरून वळवावं. तात्यांनी चाक फिरवलं, पण फार उशीर झाला होता. खोडावर बसलेला दणका अजून माझ्या पाठीत आहे.

कुणी गेलं नाही, ही देवाची कृपा. पाणी कमरेइतकंच होतं. लाँचच्या बुडाला चीर गेली, पाट्या, मिठाच्या पिशव्या, रॉकेलचे डबे पाण्यात. ठकूबाई म्हणून एक म्हातारी होती, ती बाकाच्या कडेवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी पाण्यातच तिचा हात धरून उभी. आणि तात्या चाकाशी तसेच उभे, ओरडताहेत, "लख्या! पायाला हात लावलास तू! तूच लावलास!"

काठावर आल्यावर मी बांबूच्या कामट्यांनी ठकूबाईचा हात बांधत होते, लखू कामट्या धरून होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, "लावलास का रे हात?"

"पायाला न्हाई, बाई. देवाशपथ न्हाई. खैऱ्याच्या तेलाची जाळी साफ केली सकाळी. लई दिस झालं, त्यो गुदमरत हुता. निम्मी वढ न्हवती त्याच्यात."

"मग तात्यांना सांगायचं नाही? त्यांना तर आवाजावरून कळायला हवं होतं."

ठकूबाईच बोलली, दात आवळून. "पोरी, त्याला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. समद्या वाडीला ठाव हाय."

मी कामटी हातात धरून बसूनच राहिले. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. लखूला दोन वर्षांपासून माहीत होतं. डावं इंजिन मागं पडलं की तो तात्यांच्या उजव्या बाजूनं जाऊन म्हणायचा, "तात्या, खैऱ्या भुकेला वाटतोय," आणि तात्या लिव्हर सरकवायचे, जणू आपल्यालाच ऐकू आलं. पण त्या वर्षी पायांपायी चिडलेले तात्या त्याला जवळ उभंच राहू देईनात. आणि वाडीतली माणसं उजव्या बाकावर का बसायची? डावीकडून बोललेलं तात्यांना ऐकू येत नाही, हे साहेबांच्या, परक्यांच्या ध्यानात येऊ नये म्हणून. सगळं बोलणं उजवीकडून व्हावं म्हणून. तात्यांचा कान गेला हे वर कळलं असतं तर तात्या गेले असते, आणि तात्या गेले असते तर लाँच गेली असती. म्हणून ती माणसं रोज शिव्या खाऊन उजवीकडं दाटीवाटीनं बसत होती.

आता बघा काय झालं ते. माणसांच्या वजनानं लाँच उजवीकडं कलायची, त्यानं तिचं नाक डावीकडं जायचं. खैऱ्या गुदमरलेला, त्यानंही डावीकडंच जायचं. तात्या या दोन्हीचा दोष पायांना देऊन पाय उजवीकडं वळवत राहिले. आणि ज्या दिवशी खैऱ्या मोकळा झाला आणि माणसं शहाण्यासारखी बसली, त्या दिवशी वळवलेल्या पायांनी लाँच खोडावर घातली. मला रडावं की डोकं आपटावं कळेना. सगळ्यांनी चांगलंच करायचं म्हणून केलेलं, आणि म्हातारीचा हात मोडलेला.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या धरणाजवळच्या खोलीवर गेले. ते स्टोव्हवर चहा करत होते, माझ्याकडं डावी बाजू. मी दारातूनच म्हटलं, "तात्या, खोलीला आग लागलीय." ते साखर घालत राहिले. मी आत जाऊन अगदी डाव्या खांद्याशी उभी राहिले. "तात्या, आग लागली!" त्यांनी चहा ढवळला. मग त्यांना माझी सावली दिसली असावी, ते वळले आणि हसून म्हणाले, "व्हय व्हय, बसा, चहाच टाकलाय."

मी नर्स आहे. माणसांना वाईट गोष्टी सांगणं हे माझं कामच होतं, पण हे काम दुसऱ्या कुणी करावं असं वाटलं. तरी सांगितलं. उजव्या बाजूला बसून, सगळं. कानाचं, जाळीचं, बाकाचं. आधी ते चिडले. लखूच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग हळू आवाजात विचारलं,

"वाडीतल्या समद्यांना ठाव हुतं?"

"हो."

"ठकूबाईला बी?"

"तिनंच मला सांगितलं."

"म्हंजे मी त्यांला वरडायचो, गूळ वाटत्यात का म्हून..." त्यांनी उजव्या कानावर तळहात दाबला, मग काढला, मग पुन्हा दाबला. चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला. मी तो पुसून काढला आणि बाहेर आले. आयुष्यात मी पुष्कळ मरणं पाहिली, पण त्या खोलीतून बाहेर पडताना जेवढं जड झालं तेवढं क्वचितच.

पुढचे महिने वाईट गेले. लाँच उतरणीवर पडून. बुडाची चीर खात्यानं बुजवून दिली, पण चालवायची परवानगी थांबवली. साहेब म्हणाले, पोळ्याच्या सुमाराला येऊन बघतो, नीट चालली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या धरणावर पाठवतो. पाऊस लागला, पाणी चढलं, ओढे आले आणि वाड्या तुटल्या. एका अडलेल्या बाईला डोलीत घालून माणसांनी ओढ्यांतून वाट काढत, पाण्याला वळसा घालून आणलं. ती वाचली, मूल वाचलं नाही. ठकूबाईचा हात वाकडाच जुळला, तिला भाकरी थापता येईना. तात्या कुणाला भेटत नव्हते. मी खिडकीतून हाक मारायची, ते वळायचे नाहीत, आणि आता मला कळायचंही नाही की खरंच ऐकू आलं नाही की मुद्दाम.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, पावसानं उघडीप दिली म्हणून, मी उपकेंद्रासाठी औषधं न्यायला वळसा घालून धरणावर आले होते. बघते तर उतरणीवर तात्या, दाढी केलेली, काठी हातात. आणि त्यांच्या उजव्या बाजूला लखू, अंग चोरून बसलेला.

"घे, धर," तात्या त्याला पाना देत म्हणाले. "तुझ्या हातानं फिरव. मी बगतो."

"माझ्यानं न्हाई व्हायचं, तात्या."

"मंग लाँच जाऊ दे व्हय? तुझ्या लेकींनी डोलीत बसून बाळंत व्हायचं?"

लखूनं पाना घेतला. दुपारपर्यंत त्यांनी सगळं मोडून पुन्हा बांधलं. जुने वळवलेले पाय सोडवले, काठीच्या जुन्या खुणांवर आणले. हळदीचं बोट लखूला लावायला लावलं. मग लाँच पाण्यात ढकलली, काठाला दोरानं बांधलेलीच ठेवली आणि इंजिनं सुरू केली. तात्यांनी लिव्हरवर हात ठेवला आणि लखूकडं पाहिलं. त्या माणसाला मी उभ्या जन्मात कुणाला विचारताना पाहिलं नव्हतं. पण त्यांनी विचारलं, "आता?"

लखूनं दोन बोटं वर केली.

"आता?"

पुन्हा दोन बोटं. तात्यांच्या कपाळावर घाम. हात केसभर सरकला. लखूनं डोळे मिटले, ऐकलं, आणि घाबरत घाबरत एक बोट वर केलं. तात्यांनी हात काढून घेतला. लखूचा हात धरून लिव्हरवर ठेवला आणि म्हणाले, "आता तू कर. मी न्हाई सांगनार, मला ऐकू येत न्हाई." हे ते इतक्या मोठ्यानं बोलले की काठावरच्या माणसांनी ऐकलं. मला वाटतं, ऐकावं म्हणूनच बोलले.

साहेब पोळ्याच्याच दिवशी आले. तात्यांनी त्यांना पुरणपोळी वाढली आणि लाँच काही सोडली नाही. साहेब चरफडत बंगल्यावर मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी साहेब लाँचमध्ये चढले तेव्हा चाकाशी लखू. साहेबांच्या कपाळाला आठ्या. तात्या त्यांच्यासमोर उभे राहिले. "सायेब, माझा डावा कान गेलाय. उजवा बी जाया लागलाय. त्यो दणका माझ्यापायी बसला, हेचा काई दोष न्हाई. मला काडा. पर लाँच नेऊ नका. ह्यो चालवतोय, तुमी बगा."

आणि ते जाऊन मधल्या जागेवर बसले, जिथं पहिल्या दिवशी त्यांनी ठेकेदाराला बसवलं होतं.

रतनगडावर ढग होते, नेढं दिसत नव्हतं. लखूनं मागं वळून पाहिलं. तात्यांनी नुसता हात करून दिशा दाखवली. लखूनं नाक तिकडं धरलं, लिव्हर पुढं केले आणि हात डोक्यावर ठेवले. लाँच गेली. मागं फेसाचे दोन पट्टे, शेजारी शेजारी, सुतानं आखल्यासारखे. तात्या पुढं बघतच नव्हते, ते त्या पट्ट्यांकडं बघत होते. काठाला लागल्यावर साहेब म्हणाले, लाँच राहू दे इथंच, याच्या परवान्याचं मी बघतो. वाडीतल्या बायका रडायला लागल्या. तात्यांना गोदामात नोकरी देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाले, गावाला जातो, माळाचं वावर तसंच पडलंय.

दोन दिवसांनी ते निघाले. वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. मी पोचवायला आले होते. एस.टी.ला वेळ होता, आणि लाँच बाजारहून परतलेली माणसं घेऊन पल्याड निघाली होती. काठ उजव्या हाताला. लाँच सुटली तशी सगळी माणसं तात्यांना बघायला उजव्या बाजूला धावली, ठकूबाई वाकडा हात हलवत सगळ्यांत पुढं. लाँच कलली. तात्या काठावरून जिवाच्या आकांतानं ओरडले, "आरं, सरा! डावीकडं सरा की रं!" माणसं हसत रडत मागं सरली. लाँच सरळ झाली.

तात्या माझ्याकडं वळले. "ताई, किती?"

मी कान दिला. वांव-वांव, वांव-वांव. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण या माणसाशी या बाबतीत खोटं बोलणं मला जमलं नसतं. मी दोन बोटं दाखवली.

त्यांनी डावा हात उंच केला आणि खैऱ्याचा लिव्हर सरकवावा तशी मूठ पुढं ढकलली, पुन्हा ढकलली. लांब पाण्यावर लखू मागं बघत होता. त्यानं पाहिलं. आवाजाचं फुगणं लांबत गेलं, लांबत गेलं, आणि मग सगळ्या पाण्यावर एकच आवाज पसरला, सपाट, घट्ट.

मी एक बोट वर केलं.

"खरं?"

"खरं, तात्या. एकच."

मागं एस.टी. येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. तात्यांना तो ऐकू आला नाही. ते माझ्या बोटाकडं बघत उभे होते, आणि मी हात खाली घेतला नाही.